कोड्यातली बखर, बखरीतली खबर

आधी कोडे घ्या. आडव्या तीन ओळी, उभ्या चार, आणि दोन घरे काळी. सहाही शब्द लिहिणे, छापणे आणि गोष्ट सांगणे या कामांच्या आसपासचे आहेत. कंसातला आकडा म्हणजे शब्दाला लागणारी घरे.

१ □ २ ३
□ ■ ४ □
५ □ □ ■

आडवे शब्द
१. का? निम्मा दंड, तब्येत ठीक, गोष्ट मात्र लांबलेली (४)
४. बाइंडरच्या वाडग्यातली, पसायदानात मात्र दुष्ट (२)
५. शाळकरी पाठीवर ग्रीक कातडे (३)

उभे शब्द
१. फारसीतून आला, शाई प्यायला बसला (३)
२. खबर उलटसुलट झाली, तरी इतिहास म्हणून वाचली (३)
३. शिवणाच्या डब्यात दोरा गुंडाळते, प्रोजेक्टरवर सिनेमा (२)

पेन्सिल घेऊन दहा मिनिटे झटा आणि मगच पुढे वाचा. भरलेले कोडे असे दिसते:

का दं ब री
ग ■ ख ळ
द प्त र ■

आडवे कादंबरी, खळ, दप्तर. उभे कागद, बखर, रीळ. एवढ्याशा चौकटीत संस्कृत, फारसी, अरबी, ग्रीक आणि इंग्रजी अशा पाच भाषांचा माल बसला आहे. कला-साहित्याच्या शब्दांवर क्लू बेतणारा रचनाकार बहुतेक वेळा शब्दाच्या जुन्या अर्थाकडे बोट दाखवत असतो. तो जुना अर्थ ठाऊक असेल तर क्लू आपोआप उलगडतो. नसेल, तर नुसती घरे मोजून डोके शिणते. म्हणून या लेखात दोन गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत: मराठी कोडे आतून कसे चालते, आणि या शब्दांची कुळे कोणती.

क्लू हा शब्दसुद्धा याच जातीचा. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. भूलभुलैयात शिरताना दोरा सोडत जायचे आणि त्याच दोऱ्याने परत यायचे, या ग्रीक कथेमुळे गुंड्याचा अर्थ ‘माग’ झाला. मराठीत काही जण क्लूला शोधसूत्र म्हणतात. सूत्र म्हणजे दोराच.

एका घरात काय मावते

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. ते इंग्रजीत होते आणि त्याच्या एका घरात एक लेटर होते. देवनागरीत हा हिशेब बदलतो. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते आणि त्यात व्यंजन, त्याची काना-मात्रा-वेलांटी, अनुस्वार, रफार आणि आधी चिकटलेली अर्धी व्यंजने सगळी एकत्र येतात. ‘ग्रंथ’ दोन घरे: ग्रं, थ. ‘आर्या’ दोन घरे: आ, र्या. ‘भरतवाक्य’ पाच. ‘पुस्तक’ बोलताना आपण पुस्-तक असे दोन झटक्यांत म्हणतो, पण घरे तीन: पु, स्त, क. सर्वांत जास्त चुकतो तो ‘वाङ्मय’. त्याची घरे तीनच: वा, ङ्म, य. ‘वांग्मय’ लिहिले तरी घरे तीनच भरतात, पण पहिली दोन अक्षरे चुकतात आणि त्यांतून जाणारे उभे शब्द कधीच जुळत नाहीत.

मोजण्याची ही रीत मराठी कानाला नवी नाही. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात. तुकोबांचा अभंग घ्या: सुं-द-र-ते-ध्या-न सहा, उ-भे-वि-टे-व-री सहा, क-र-क-टा-व-री सहा, ठे-वो-नि-या चार. ‘ध्या’ हे जोडाक्षर, पण मोजताना एकच. शब्दकोड्याचे घर आणि अभंगाचे अक्षर यांचे माप एकच आहे. ज्याला अभंग मोजता येतो त्याची घरे सहसा चुकत नाहीत.

रचनाकाराची खरी अडचण वेगळी आहे. इंग्रजीत २६ लेटरांतच खेळ असतो. मराठीत ‘ळ’ धरून ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८ अक्षरे, आणि यात जोडाक्षरे अजून धरलेलीच नाहीत. त्यामुळे दोन शब्द एका घरात छेदायचे तर नेमके तेच अक्षर, त्याच मात्रेसकट, दोन्हीकडे हवे. वरच्या कोड्यात पांढरी घरे दहा आहेत आणि त्यांतली सात दोन्ही बाजूंनी तपासता येतात. दं, ग आणि प्त ही तीन एकाच शब्दातली आहेत. दं पासून सुरू होऊन प्त वर संपणारा तीन अक्षरी शब्द मला तरी मराठीत सापडला नाही, म्हणून त्यांच्या मधे काळे घर टाकावे लागले. मराठी कोड्यांत काळी घरे जास्त दिसतात त्यामागे रचनाकाराचा आळस नसतो. लिपीचे गणितच तसे आहे.

आता ह्रस्व-दीर्घ. समजा उभा शब्द ‘कवी’ आहे आणि त्याच्या शेवटच्या अक्षरापासून तुम्हाला आडवा ‘विदूषक’ काढायचा आहे. जमणार नाही. एक वी दीर्घ, दुसरा ह्रस्व. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू, बुद्धी. पण समासात पहिले पद तत्सम ह्रस्वान्त असेल तर ते ह्रस्वच राहते: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. म्हणून ‘कवी’ला छेद द्यायला ‘वीणा’ चालेल, ‘वीररस’ चालेल, ‘विदूषक’ आणि ‘विडंबन’ चालणार नाहीत. काही रचनाकार ‘वेलांटीकडे दुर्लक्ष करावे’ अशी तळटीप टाकून सुटका करून घेतात. माझ्या मते ही सवलत देऊच नये. सोडवणाऱ्याला छेदाच्या अक्षराखेरीज दुसरा आधार नसतो, आणि तोच डळमळीत केला तर कोड्यात उरते काय? एक सावधगिरी मात्र घ्या: नियमांच्या आधीची जुनी कोडी सोडवताना ‘कवि’, ‘गुरु’, ‘कीर्ति’ अशी रूपे धरून चला.

क्लूची चिरफाड

क्लू दोन जातींचे. सरळ क्लूत समानार्थी शब्द किंवा गाळलेली जागा असते आणि तिथे फार सांगण्यासारखे नाही. एकच तपासा: क्लूचे लिंग-वचन. ‘जात्यावरची गाणी’ असे अनेकवचन दिले असेल तर उत्तर ‘ओव्या’ असते, ‘ओवी’ नाही. दोन्हींना घरे दोनच, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

कूट क्लूत एका टोकाला अर्थ आणि दुसऱ्या टोकाला शब्दाची फोड असते. अर्थ कधीच मधोमध नसतो. ‘का? निम्मा दंड, तब्येत ठीक, गोष्ट मात्र लांबलेली’ यात शेवटचे तीन शब्द अर्थ सांगतात. आधी फोड आहे: ‘का’ जसाच्या तसा, दोन अक्षरी दंडाचे निम्मे म्हणजे ‘दं’, आणि ठीक असलेली तब्येत म्हणजे ‘बरी’. तीन तुकडे जोडले की कादंबरी.

याच जोडणीचे आणखी दोन नमुने. ‘शाहिराची रचना: पोथीचा आरंभ, पुढे पेशव्यांचे घर (३)’ म्हणजे पो अधिक वाडा. ‘अर्धा लाला, पुढे सप्तशृंगीच्या नावाशी जोडलेले गाव, आणि रंगते फडावर (३)’ म्हणजे ला अधिक वणी.

पोटात लपवणे हा दुसरा प्रकार. ‘नकला करता करता आत सापडलेली विद्या (२)’: न-क-ला या अक्षरांत ‘कला’ बसली आहे. ‘अवगत कलेच्या पोटातला तमाशाचा भाग (२)’: अ-व-ग-त मध्ये ‘वग’. लपवताना अक्षरे ओळीने आणि अखंड आली पाहिजेत.

अक्षरांची अदलाबदल मराठीत कमी वेळा जमते, कारण मात्रा अक्षराला घट्ट चिकटलेली असते आणि ती सुटी करून दुसऱ्याला देता येत नाही. पण जमते तेव्हा मजा येते. ‘चकवा फिरला, तरी पुस्तक हातात घेऊन बसला (३)’. च-क-वा फिरवा: वा-च-क. यातला ‘फिरला’ हा शब्द इशारा आहे. ‘उलटसुलट’, ‘विस्कटला’, ‘गोंधळ’ हेही असेच इशारे.

इथेच नवख्या रचनाकाराची हमखास चूक होते. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की त्याचे सामान्यरूप होते. ‘चकव्यात सापडलेला’ असे लिहिले की अक्षरे च-क-व्या-त झाली आणि वाचक गेला. ‘शाहीर’चे ‘शाहिराने’ झाले की ही ह्रस्व होते. ज्या शब्दाची अक्षरे फिरवायची तो मूळ रूपातच उभा हवा, आणि वाक्य त्याच्याभोवती बेतायचे. दुसरी चूक अनुस्वाराची. ‘शाहीर’साठी ‘राजेशाही थाट, पुढे रंगाचा आरंभ’ असा क्लू सुचतो. शाही अधिक र. पण रंगाचे पहिले अक्षर ‘रं’ आहे, ‘र’ नाही. ‘रसाचा आरंभ’ लिहावे, म्हणजे क्लू निर्दोष होतो.

‘बखर’चा क्लू मला या सगळ्यांत आवडतो, कारण तिथे अदलाबदल रचनाकाराने केलेलीच नाही. ती भाषेनेच करून ठेवली आहे. अरबी ‘खबर’ म्हणजे बातमी, वृत्तांत. तोंडातोंडी ख आणि ब यांनी जागा बदलल्या आणि ‘बखर’ झाली, असे एक मत आहे. शब्दातल्या वर्णांनी अशी अदलाबदल करण्याला व्याकरणात वर्णविपर्यास म्हणतात. ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते ते याच वाटेने. बखरीबद्दल दुसरेही मत आहे: पत्राच्या शेवटी ‘सर्व कुशल’ या अर्थाने येणाऱ्या फारसी ‘बखैर’वरून हा शब्द आला. दोन्ही बाजू मांडणारे अभ्यासक आहेत. म्हणून क्लू लिहिताना ‘खबरेवरून आलेली’ असे ठाम विधान करू नये. ‘खबर उलटसुलट झाली’ हे मात्र अक्षरांपुरते खरेच आहे, त्यामुळे तो क्लू कोणत्याही मताच्या माणसाला मान्य व्हावा.

झाड, दोरा, कातडे आणि काजळी

साहित्याचे शब्द कुळांनी लक्षात ठेवले की पाठ करावे लागत नाहीत.

सर्वांत मोठे कूळ झाडाचे. पुस्तकाचे पान म्हणजे झाडाचेच पान: पर्ण, प्राकृतात पण्ण, मराठीत पान. पत्र म्हणजेही पान, मग निरोप, मग वृत्तपत्र. आता ग्रंथांच्या विभागांची नावे पाहा. रामायणाची सात कांडे, आणि कांड म्हणजे बांबूच्या दोन पेरांमधला तुकडा. महाभारताची १८ पर्वे, आणि पर्व म्हणजे पेर, सांधा. भागवताचे १२ स्कंध, आणि स्कंध म्हणजे झाडाचे खोड जिथे फांद्या फुटतात तो भाग. माणसाच्या अंगावर तोच स्कंध खंध होऊन ‘खांदा’ झाला. झाडाचे कूळ सोडून कोणी पाण्याकडेही गेले. कथासरित्सागर हा गोष्टींचा समुद्र, म्हणून त्यात १२४ तरंग. काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणारा ग्रंथ राजतरंगिणी, म्हणजे नदी, तिचे आठ तरंग. हे आकडे आणि ही नावे वहीत उतरवून ठेवा, कोड्यांत ती वारंवार येतात. ‘उसाचे आणि महाभारताचे (२)’ असा क्लू आला की पर्व लिहायला क्षणही लागू नये.

दुसरे कूळ दोऱ्याचे. ग्रंथ म्हणजे ओवलेले, बांधलेले. ताडपत्रांना भोके पाडून त्यांतून दोरी ओवत, ती दोरी सोडली की पाने सुटी. ग्रंथी म्हणजे गाठ, आणि ‘गाठ’ हा शब्दही तिथूनच: ग्रंथी, गंठी, गाठ. निबंध आणि प्रबंध बांधण्यातून आले. सूत्रधार दोरा धरतो. तो कळसूत्री बाहुल्यांचा दोरा की आखणी करणाऱ्या स्थपतीची मापाची दोरी, यावर वाद आहे, पण दोरा आहेच. ओवीचे नाते ‘ओवणे’शी लावतात. हा प्रकार किती जुना आहे याचा पुरावाही हाताशी आहे: चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सन ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे.

तिसरे कूळ कातड्याचे. ‘दप्तर’ आपल्याकडे फारसीतून आले. त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’. म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीत. पुढे त्यावर लिहिलेली नोंदवही, मग वह्यांचा गठ्ठा, मग गठ्ठा बांधायचे फडके, आणि शेवटी पोराच्या पाठीवरची पिशवी. पेशवे दप्तर आणि शाळेचे दप्तर हा एकच शब्द. आता त्या पिशवीतले पुस्तक काढा. ‘पुस्तक’ संस्कृतात दिसते, पण अभ्यासक त्याचे मूळ जुन्या इराणी भाषांतल्या ‘पोस्त’ म्हणजे कातडे या शब्दाशी जोडतात. पिशवीही कातडे, आतली वस्तूही कातडे. ‘पोथी’ ही पुस्तकाची सख्खी बहीण: पुस्तिका, पोत्थिआ, पोथी. संस्कृतातला स्त प्राकृतात त्थ होतो आणि मराठीत थ किंवा त उरतो. हस्त, हत्थ, हात. मस्तक, मत्थअ, माथा. हा एक नियम हाताशी ठेवला तरी बरीच नाती दिसू लागतात. दुसरा त्य चा: नृत्य, णच्च, नाच. ‘नट’ आणि ‘नाटक’ हेही नृत् धातूच्या प्राकृत वळणातून आले, असे मानतात. म्हणजे नाटक आणि नाच एकाच घरचे.

चौथे कूळ काजळीचे, आणि ते सगळे उत्तरेकडून, कचेरीच्या दारातून आले. शाई हा फारसी ‘सियाही’. सियाह म्हणजे काळा. त्यामुळे ‘काळी शाई’ ही द्विरुक्ती आणि ‘निळी शाई’ हा विरोधाभास, दोन्ही आपण रोज बिनदिक्कत वापरतो. ‘मसुदा’ अरबी ‘मुसव्वदा’वरून आला. तिथे सव्वद म्हणजे काळे करणे. कागद काळा केला की मसुदा झाला. दौत अरबी. कलमही अरबी, त्याच्या मागे ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. कागद फारसी, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुरा या गावाच्या नावात तो धंदा अजून जिवंत आहे. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथ पंडित हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला तो या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. पण लेखणीच्या धंद्यातले हे शब्द हटले नाहीत.

फडावरचे शब्दही याच वाटेने आले. शाहीर म्हणजे अरबी ‘शाइर’, कवी. त्या धातूचा अर्थ जाणणे, जाणवणे. शायर, शेर आणि मुशायरा ही त्याचीच भावंडे. तमाशाच्या मुळाशी अरबी चालण्याचा धातू आहे: बरोबर फिरायला जाणे, मग फिरताना पाहायचे दृश्य, मग खेळ. ‘तम अधिक आशा’ अशी फोड कोणी सांगितली तर ती कोड्यात जोडणीसाठी खुशाल वापरा, व्युत्पत्ती म्हणून मात्र मानू नका.

काही शब्द कुळाबाहेरचे, पण सोडून देववत नाहीत. ‘कादंबरी’ हे मुळात एका नायिकेचे नाव. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने तिच्यावर गद्यकथा लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मुलाने पुरी केली. त्या एका पुस्तकाचे नाव मराठीने अख्ख्या साहित्यप्रकाराला दिले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली, ती मराठीतली पहिली कादंबरी मानतात. कन्नडातही कादंबरीच म्हणतात. गुजरातीत नवलकथा, हिंदी आणि बंगालीत उपन्यास. कन्नडात उपन्यास म्हणजे व्याख्यान, हे सीमाभागातल्या दुभाषी सोडवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

‘फार्स’चे मूळ स्वयंपाकघरात आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सारण भरणे. गंभीर धार्मिक नाटकांच्या मधे विनोदी तुकडे भरत, त्या भरताला फार्स म्हणू लागले. मराठी रंगभूमीने एकोणिसाव्या शतकात हा शब्द उचलला. गोव्यातले ‘तियात्र’ पोर्तुगीज ‘तेआत्रु’वरून आले, त्यामागे पाहणे या अर्थाचा ग्रीक शब्द. ‘चित्र’ म्हणजे आधी ठिपक्यांचे, रंगीबेरंगी. म्हणून चितळ आणि चित्ता हे त्याचे नातलग.

आणि ‘खळ’. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर आटवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा: ही बाइंडरची खळ. पसायदानात ज्ञानदेव ‘खळांची व्यंकटी’ सांडो म्हणतात तो खळ संस्कृत, अर्थ दुष्ट. या दोघांचा अर्थाने काही संबंध नाही. पण अक्षरे तीच, आणि कोड्याला तेवढे पुरते.

कोणत्या कोशात काय पाहावे

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो शब्दापुढे कंसात खूण करतो की हा संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी. एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांत शब्द कसा वापरत ते त्यात सर्वांत चांगले सापडते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. शब्दाचे अनेक अर्थ आणि जुन्या साहित्यातली उदाहरणे त्यात मिळतात, म्हणून दोन अर्थांचा क्लू बेतताना तो आधी उघडावा. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. व्युत्पत्तीचाच प्रश्न असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’, १९४६ चा. तिन्ही कोश एक सांगत असतील तर क्लूत ठामपणे लिहा. मते वेगळी असतील तर फक्त अक्षरांशी खेळा.

‘लावणी’ हे याचे चांगले उदाहरण. कोणी लावण्याशी नाते सांगतात, कोणी शब्द ओळीने ‘लावण्या’शी, कोणी शेतातल्या लावणीशी. ‘सौंदर्यातून जन्मलेली’ असा क्लू छापला तर तो एका मताच्या बाजूचा झाला. ‘शेतातही होते, फडावरही (३)’ लिहा. दोन्ही अर्थ वापरातले आहेत, कोणाला शंका घ्यायला जागा नाही.

दोन अर्थांच्या क्लूसाठी साहित्याचे शब्द फार उदार आहेत. ‘वृत्त’ म्हणजे छंद, बातमी आणि वर्तुळ. ‘गण’ म्हणजे तमाशाच्या सुरुवातीचे गणेशस्तवन, वृत्तातला तीन अक्षरांचा गट आणि पंचायत समितीचा मतदारसंघ. ‘टीका’ ज्ञानेश्वरांनी गीतेवर १२९० साली केली, तेव्हा तिचा अर्थ उलगडून सांगणे असा होता. आज पुढारी एकमेकांवर करतात ती वेगळी. ‘अंक’ तर सर्वांवर कडी. मुळात वाकडेपणा, आकडी. त्यातून खूण, संख्या, बसल्यावर होणारी मांडी, नाटकाचा भाग आणि मासिकाची प्रत. आपला ‘आकडा’ शब्द त्याचाच, म्हणून तो संख्याही असतो आणि कपडे अडकवायचा हूकही.

आता हाताला सवय लागावी म्हणून पाच क्लू. पहिले दोन उलटून वाचायचे आहेत, तिसऱ्याला आणि चौथ्याला दोन-दोन अर्थ आहेत, पाचव्यात जोडणी आहे.

१. फणसातला एक उलटा करून आळवा (२)
२. हजार किलो उलटे केले, तर रंगमंचावर उभा (२)
३. अंगावरचे की डोंगरातले? (२)
४. दिवाळीत विकत घेता, बाळाला यावर बसवता (२)
५. डफ हातात: राजाला शोभेलसे, पुढे रसाचा आरंभ (३)

पहिल्याचे उत्तर राग, गऱ्याचे मूळ रूप ‘गरा’ उलटून. दुसऱ्याचे नट, टन उलटून. तिसऱ्याचे लेणे: अंगावर लेतात ते वेगळे, आणि नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘लेण’ म्हणून कोरलेले, संस्कृत ‘लयन’वरून आलेले डोंगरातले वेगळे. चौथ्याचे अंक. पाचव्याचे शाहीर, आणि यावेळी ‘र’वर अनुस्वार नाही.